इंग्रजीचे सोवळे आणि आमच्या पोरांची दातखीळ

अलोऱ्याजवळच्या एका वाडीतला पोरगा मागे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मुलाखतीस गेला. कारखान्याचे नाव आम्ही घेत नाही. जे तेथे घडले ते कोठेही घडते. पोरगा कुणब्याचा, बापाची पाऊण एकर भातशेती, आय.टी.आय.चा दाखला पहिल्या वर्गाचा. पंप चालू असता नुसता आवाज ऐकून कोठे काय झिजले आहे ते सांगणारा. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी त्यास इंग्रजीत विचारले की, स्वतःविषयी चार शब्द सांगा. हे गृहस्थ मराठीच होते, हे ध्यानात ठेवावे. पोराने तोंड उघडले ते उघडेच राहिले. घाम फुटला, जीभ टाळ्यास चिकटली. गृहस्थ हसले, शेजारच्याकडे पाहून पुन्हा हसले, आणि पुढच्यास बोलावले.

घरी येऊन पोरगा बापास म्हणाला, ‘जागा आधीच भरल्या होत्या.’ जन्मात प्रथमच तो बापाशी खोटे बोलला, तो इंग्रजीपायी. खरी हकीकत त्याने आम्हांस, म्हणजे आपल्या जुन्या मास्तरास, आठ दिवसांनी सांगितली. तीही अंधार पडल्यावर, रस्त्याच्या कडेला उभे राहून, आमच्या तोंडाकडे न पाहता. आज तो मुंबईत एका इमारतीच्या फाटकावर पहारा करतो. पंप तेथेही आहे. तो बिघडला की बाहेरून माणूस बोलावतात.

ही हकीकत कोणा शहाण्यास सांगितली की तो मान हलवून म्हणतो, ‘काय करणार, खेड्यातली मुले! आत्मविश्वास नाही. न्यूनगंड असतो.’ आणि लागलीच अमक्या वर्गाचे नाव सांगतो, जेथे तीन महिन्यांत फी घेऊन आत्मविश्वास भरून देतात; जणू काय तो रॉकेलच आहे!

न्यूनगंड? वाचकहो, हाच पोरगा आमच्या वाडीच्या नमनात संकासूर होतो. डोक्यावर उंच टोपी, अंगात काळा झगा, समोर पाचशे माणूस, त्यात सासुरवाडीचे लोक, मुंबईचे चाकरमानी आणि पंचायतीचे सभासद. रात्रभर तो गवळणींची, गावकऱ्यांची, प्रसंगी सरपंचाचीही टर उडवितो. कोणी लिहून दिलेले नसते. त्याचा चुलता जाखडीत शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला उभा राहतो आणि समोरच्या शाहिराच्या सवालास जागच्या जागी कवन जुळवून जबाब देतो. शिमग्यास पालखीपुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकाराचा आवाज पलीकडच्या वाडीत ऐकू जातो. ही माणसे मुखदुर्बळ आहेत, असे म्हणणाऱ्याने एक रात्र आमच्या मांडवात काढावी.

मग हाच संकासूर टेबलापुढे मुका का झाला? नमनात लोक हसतात ते त्याच्या बोलण्यास. टेबलापलीकडचा हसला तो त्याच्यास. रोग असलाच तर त्या हसण्यात आहे, आणि तो फार जुना आहे.

आमच्या पणज्या-खापरपणज्यांस मंत्र म्हणण्याची बंदी होती. मंत्र पवित्र आणि नांगरधाऱ्याची जीभ अपवित्र. ती लागली की मंत्र बाटतो! १८९९ साली कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण पेटले, त्यात खुद्द गादीवरच्या छत्रपतीस ऐकावे लागले की, आपल्याकरिता वेदातले मंत्र नव्हेत, पुराणातले. राजाची ही गत, तर रयतेची काय कथा! आणि यातली खुबी पाहा. मंत्राचा अर्थ म्हणणाऱ्यासही पुष्कळदा येत नसे. किंमत अर्थास नव्हती, उच्चारास होती. आणि कोणाचा उच्चार शुद्ध हे ठरविणारे तेच, ज्यांच्या घरी तो उच्चार पिढीजात.

आता या चित्रातून संस्कृत काढा आणि इंग्रजी घाला. काय बदलले? पोराला पंपाचे ज्ञान आहे की नाही, हे कोणी विचारले नाही. त्याच्या जिभेचे सोवळे तेवढे तपासले. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणतो, ‘ही गो’ म्हणतो, बाटला! आणि हे सोवळे आज कोणा एका जातीचेच नेसतात असे नाही. आमच्याच बहुजनांतले जे दोन पायऱ्या वर गेले, ज्यांस चार वाक्ये बोलता येऊ लागली, ते सर्वांआधी खालच्याच्या व्याकरणास हसतात. मुलाखत घेणाऱ्या त्या गृहस्थांचे आडनाव ऐकून आम्हांस शरमच वाटली. जुनी भिक्षुकशाही जन्माने मिळे. नवी फी भरून मिळते. एवढाच सुधारणेचा फरक.

इंग्रजीस वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून पडला. दूध प्यायचे ते प्याले. आमच्या दारात मात्र नुसती वाघीण आणून बांधली आहे.

आमच्या अलोऱ्याने हे सोवळे कोयनेच्या प्रकल्पाबरोबर पाहिले. कोळकेवाडीचे धरण, बोगदे, वीजघरे यांच्या कामासाठी येथे वसाहत उठली, इंजिनिअर लोक आले. वीज झाली, देशाचे भले झाले, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण म्हातारे सांगतात की, साहेब लोक नकाशा पसरून आपसांत इंग्रजीत बोलत आणि जमिनीचा धनी बाजूस टोपी हातात घेऊन उभा असे. काय ठरले ते सर्वांत शेवटी कारकून त्यास मराठीत सांगे. ‘इंग्रजी बोलतो तो ठरवितो, आणि ज्यास येत नाही तो उभा राहतो,’ हा धडा गावाने तेव्हा घेतला. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही, पण अजून विसरला गेलेला नाही.

कोणी म्हणेल, मग टाका ना ती इंग्रजी! परक्यांची भाषा, गुलामीची खूण. मायमराठीचा अभिमान धरा. हे सांगणाऱ्यास आम्ही एकच विचारतो, आपली नातवंडे कोणत्या शाळेत जातात? उत्तर आले की पुढे बोलू. आणि आपल्याच सत्यशोधक परंपरेतला कोणी असे म्हणत असेल तर त्याने आपली वंशावळ वाचावी. जोतीरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून घेतली. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती मराठीत, पण तिला प्रस्तावना जोडली ती इंग्रजीतही. घरच्याला घरच्या भाषेत आणि सरकारला सरकारच्या. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले की, रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ते कमिशनला समजले, कारण ते कमिशनच्या भाषेत होते. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला आहे, शूद्रातिशूद्रांच्या हाती हे हत्यार यावे म्हणून. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे सरकारी कमिशनपुढे मांडले. त्या गिरण्यांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे किती आजे-पणजे राबले, हे घरोघर ठाऊक आहे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला गेले. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याच्या घराण्यातले डॉक्टर बाबासाहेब १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत उभे राहिले आणि साम्राज्याच्या प्रधानमंत्र्यासमक्ष अस्पृश्यांची कैफियत मांडली. यांपैकी कोणाच्या पाळण्यात इंग्रजी होती? यांच्या उच्चारांचे सोवळे तपासावयास कोणी बसले असेल तर बसो बापडे. इतिहासाने त्यास विचारले नाही.

म्हणजे इंग्रजी आम्हांस परकी नाही. तिची धास्ती परकी आहे.

आणि गरज काही नोकरीपुरतीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरास बसले. रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. फार दिवसांची मागणी पुरी झाली, चांगले झाले. त्याचे उद्घाटन करणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई स्वतः मराठी शाळेत शिकलेले. पण तेथे काम चालते ते इंग्रजीतच. कुंभार्ली घाट चढून आमचा शेतकरी आपल्या बांधाच्या दाव्याला तेथे जाईल, मागच्या बाकावर बसेल, आणि आपलाच खटला आपल्याच कानांनी ऐकून त्यास काही कळणार नाही. वकील बाहेर येऊन सांगेल तेवढेच. नकाशा पसरणारे साहेब आणि बाजूला उभा धनी, हे चित्र पुन्हा तेच. न्यायालयाची भाषा मराठी व्हावी, ही मागणी आम्ही सोडीत नाही. पण ती होईपर्यंत पोरांनी मुके राहावे काय?

आता आमच्या धंद्याकडे वळतो, कारण दुसऱ्याची उणी काढून आपली झाकणे या पत्राच्या वाचकांस खपत नाही. जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी तो निर्णय रेटला. खेड्यातल्या पोरांवर ओझे पडेल म्हणून तेव्हा मोठी ओरड झाली. शहरातल्या पोरांवर ते ओझे बालवाडीपासून होते, त्याचा कळवळा कोणास आला नव्हता! निर्णय योग्यच होता, असे आम्ही आजही म्हणतो. पण शिकविणार कोण? आम्ही! त्याच सुमारास अध्यापक विद्यालयातून दाखला घेऊन बाहेर पडलेले आम्ही. आमच्या तुकडीत इंग्रजीची दहा वाक्ये ओळीने कधी कोणी बोलले नव्हते. बोलावयास कोणी सांगितलेही नव्हते. पाठ कसा घ्यावा याचे टाचण आम्ही सुबक काढीत असू, मराठीत.

पुढे तालुक्याला इंग्रजीचे प्रशिक्षण निघाले. एकेकाने उठून इंग्रजीत आपला परिचय द्यावयाचा होता. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. हळूच उठून मागे गेलो, आणि पाळी जवळ आली तेव्हा पाणी पिण्यास बाहेर पडलो. व्हरांड्यातल्या माठाभोवती आधीच सात मास्तर उभे होते. कोणासही तहान नव्हती. आठ जणांनी एकमेकांकडे पाहिले आणि कोणी काही बोलले नाही. सोमवारी हेच आठ जण आपापल्या वर्गात उभे राहून, पोरे इंग्रजी का बोलत नाहीत म्हणून ओरडले असतील. आम्ही तरी ओरडलो.

मास्तर भ्याला की वर्ग भितो. भ्यालेला मास्तर काय करतो? तो भाषा बोलत नाही, भाषेविषयी बोलतो. ‘काऊ म्हणजे गाय, ग्रास म्हणजे गवत, आता पाच वेळा लिहा.’ लिहिण्यात आवाज नाही, आवाज नाही म्हणजे चूक ऐकू येत नाही. पोरगा दहा वर्षे इंग्रजी लिहितो, आणि अकराव्या वर्षी त्यास टेबलापुढे बसवून म्हणतात, बोल. विहिरीवर कधी नेलेच नाही, पोहण्याची चित्रे तेवढी काढून घेतली, आणि आता ढकलतात वाशिष्ठीच्या पुरात!

शालान्त परीक्षेत भाषेच्या तोंडी परीक्षेस म्हणून २० गुण असतात. ते कसे पडतात हे प्रत्येक शाळेस ठाऊक आहे. तोंड न उघडता तोंडी परीक्षेचे गुण मिळावेत, हा चमत्कार महाराष्ट्रातच व्हावा! २०१९ च्या परीक्षेस हे गुण काढले, तेव्हा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे मान्य. पण ओरड झाली ती कशाची? मुलांस बोलावयास शिकवा अशी? छे! आमचे २० गुण परत द्या, अशी. आणि पुढल्याच वर्षापासून ते परत आले. पालक खूष, शाळा खूष, मंडळ खूष. मुका राहिला तो पोरगा.

यावर आमच्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे इंग्रजी माध्यम. बाप कर्ज काढतो, दाराशी पिवळी गाडी येते, गळ्यात टाय लटकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वीसाच्या खाली जातो, आणि ती बंद करण्याची भाषा सुरू होते. बापाला आम्ही दोष देत नाही. मुक्या जिभेची लाज त्याने स्वतः सोसली आहे. ती पोराने सोसू नये एवढेच त्यास कळते. पण गाडीने नेलेल्या त्या शाळेत काय आहे, हे तो पाहत नाही. तसल्या पुष्कळ शाळांत बाई आमच्यासारख्याच माठाकडे पळणाऱ्या, आणि वर्गात मराठी शब्द आला तर दंड. म्हणजे पोराला येते ती भाषा बोलण्याची चोरी, आणि येत नाही ती बोलण्याची भीती. दोन्ही बाजूंनी दातखीळ! मग पाहुणे आले की आई म्हणते, ‘बाळा, पोएम म्हणून दाखव.’ बाळ हातवारे करून म्हणतो, पाहुणे टाळ्या देतात. बाळास त्या पोएमचा अर्थ विचारू नये. मंत्राचा तरी कोण विचारीत असे?

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात होर्विट्झ नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली या धास्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मोजण्यास तेहतीस विधानांचे एक मापच तयार केले. आणि कोणाची धास्ती मोजली? स्पॅनिश शिकू लागलेल्या तेथल्याच कॉलेजातल्या मुलांची. इंग्रजी मुलखात वाढलेली ही मुले स्पॅनिशचे वाक्य बोलावयाचे म्हटले की धास्तावत! त्या बाईंनी या भीतीचा संबंध तीन गोष्टींशी जोडला: लोकांशी बोलण्याचा संकोच, परीक्षेची भीती, आणि दुसरे आपल्यास काय म्हणतील याची भीती. बुद्धीची उणीव त्यांत नाही, जात नाही, खेडे नाही. लोट्याच्या त्या गृहस्थांस उद्या कोणी जपानी मालकाने जपानीत विचारावे की, स्वतःविषयी चार शब्द सांगा. मग आम्ही त्यांचे आत्मविश्वासाचे माप घेऊ.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. तोंडी परीक्षेचे २० गुण ठेवा, पण ती परीक्षा उघड्यावर घ्या. आईबाप समोर बसलेले असोत, परीक्षक दुसऱ्या शाळेचा असो, आणि विषय मुलाच्या घरचा असो: लावणी, म्हशीचे दूध, फणस, घरी आलेला बिबट्या. लंडनच्या पुलाविषयी त्यास विचारू नका. चूक मोजू नका. समजले की नाही ते मोजा. कारखानदारांनी पंपाच्या माणसाची परीक्षा पंपाजवळ घ्यावी. आणि मास्तरांनी, आम्ही धरून, वर्गात सर्वांआधी स्वतः चुकीचे इंग्रजी बोलावे, मोठ्याने.

‘मग शुद्धतेचे काय?’ असे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस विचारले. त्यांचा मान राखून आम्ही म्हटले, ‘आप्पा, तुमचा नातू टोपीला तोपी म्हणत असे, तेव्हा सूनबाईंनी त्याचे तोंड बांधले होते काय?’ शुद्धता मागाहून येते. बोलत्या तोंडास येते. बंद तोंडात शुद्धही नाही आणि अशुद्धही नाही.

आम्ही गेल्या दिवाळीनंतर वर्गात एक नियम केला. रोज पहिली दहा मिनिटे इंग्रजीतच बोलावयाचे, प्रथम मास्तराने. पहिल्या दिवशी आम्ही आमच्या मोडक्या दुचाकीची हकीकत सांगितली आणि आमच्या मते तीत सहा चुका केल्या. पोरांनी आठ मोजल्या. तो दिवस त्यांस सणासारखा गेला. पंधरवडाभर मुलगेच बोलत होते. मग एका सकाळी सातवीतली एक मुलगी उठली. तीन वर्षांत तिचा आवाज आम्ही हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. तिची आई काजूच्या कारखान्यात बी फोडावयास जाते. ती म्हणाली, ‘माय मदर गो काजू फॅक्टरी. शी ब्रेक काजू. हर हँड इज ब्लॅक. सोप नॉट क्लीन.’

मागच्या बाकावर एक पोरगा फिस्सकन हसला. आम्ही काही बोलणार, तोच ती मागे वळली, त्याच्याकडे पाहिले, आणि तीच चार वाक्ये पुन्हा म्हणाली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.